अचलपूरचा ऐतिहासिक भयमहाल

वैशाखात वऱ्हाडात जाणाऱ्या माणसाला तिथले लोक वेडा म्हणत नाहीत, कारण तसं म्हणायलाही दुपारी कोणी घराबाहेर नसतं. मी गेले ती नाइलाजाने. पुण्याच्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाईला मोठी सुट्टी मिळते ती उन्हाळ्यातच, आणि माझी धाकटी बहीण कुसुम लग्न होऊन अकोल्याला गेल्यापासून दर वर्षी ‘यंदा तरी ये’ म्हणून रुसत होती. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष होत आलं होतं. वऱ्हाड आता आपलंच झालं आहे तर एकदा बघून यावं, असा थोडा मालकीचा विचारही मनात होता. अकोल्याच्या स्टेशनात गाडीतून उतरले आणि तो विचार घामाबरोबर वाहून गेला.

अकोला

अकोल्यात उन्हाळ्यात घरं सकाळी उघडतात, दुपारी मिटतात आणि संध्याकाळी सगळी गच्चीवर जातात. कुसुमच्या घरी खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले होते आणि त्यांवर दर थोड्या वेळाने पाणी मारायचं काम पाहुण्यांकडे होतं. ते मी इमानेइतबारे केलं. तिचे यजमान वसंतराव सरकी-रुईच्या व्यापारात आहेत. घरात कुठेही बसलं तरी उठताना पातळाला कापूस चिकटलेला असतो आणि त्याबद्दल कोणी काही बोलत नाही.

वऱ्हाडी माणूस फटकळ, असं आपण पुण्यात म्हणतो. पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या काकू गच्चीवर आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “तुमी लगन काहून नाई केलं?” पुण्यात हा प्रश्न मला कोणी विचारत नाही, माझ्या माघारी माझ्या वहिनीला विचारतात. मी म्हटलं, “जमलं नाही.” काकूंनी मान डोलावली. “बरं झालं. काही भेटत नाई त्याच्यात,” असं म्हणून त्यांनी माझ्यापुढे खरबुजाच्या फोडींची ताटली सरकवली. इतका झटपट आणि इतका समाधानकारक निकाल मला आयुष्यात मिळाला नव्हता.

जेवणात पातोडीची रस्साभाजी होती. “ताई पुण्याहून आल्या म्हणून तिखट कमी टाकलं,” असं मला सांगण्यात आलं. ती खाऊन मी वाळ्याच्या पडद्यावर मारायचं पाणी पिऊन बसले.

भयमहालाचं नाव काढलं ते वसंतरावांनी. “तुम्ही इतिहासाच्या बाई. अचलपूरला एक ऐतिहासिक ठिकाण आहे, ते पाहायलाच पाहिजे. जुन्या राजवटीतल्या शिक्षा, फाशी, कत्तल, सगळं आहे. माणसं घाबरून पडतात म्हणे.” मग थोडं थांबून त्यांनी खरी गोष्ट सांगितली. “आणि आत थंड असतं.”

मूर्तिजापूरहून पुढे

अचलपूरला जायला मूर्तिजापूरहून एक लहानशी गाडी आहे. तिची घाई कशालाही नसते. कपाशीची मोकळी काळी रानं, मधूनच एखादं निंबाचं झाड, आणि त्याच्या सावलीत माना खाली घालून उभ्या असलेल्या गाई, एवढंच खिडकीतून दिसत राहतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फेटा वाऱ्याने उडून रुळांपलीकडे गेला. डब्यात ओरडा झाला, साखळी ओढली, गाडी थांबली. गार्ड स्वतः उतरला, फेटा झटकून घेऊन आला, आणि तो बांधून होईपर्यंत गाडी उभी होती. सगळ्यांनी बांधणीबद्दल सूचना केल्या.

पुढच्या वळणावर माझी छत्री उडाली. मी उठून उभी राहिले. कोणी हललं नाही. पुढच्या स्टेशनात मी गार्डकडे तक्रार केली तेव्हा तो समजुतीने म्हणाला, “फेटा म्हणजे इज्जत असते बाई. छत्री म्हणजे छत्री.”

अचलपूर, पहिला दिवस

कुसुम आणि मी वसंतरावांच्या नात्यातल्या एका घरी उतरलो आणि जेवून लगेच भयमहालाकडे निघालो. ऊन असं होतं की टांग्याच्या घोड्यालाही टोपी घातलेली होती. शहराच्या जुन्या तटाला लागून एका हवेलीचं नुसतं जोतं उरलं आहे. वर काही नाही, पोटात मात्र दगडी तळघर शाबूत आहे. तोंडाशी पाटी: ‘श्री गुलाब भयमहाल’. त्याखाली दुसऱ्या हाताने, बारीक अक्षरात, ‘ऐतिहासिक’. त्याखाली ‘गर्भार बायांनी व कमजोर दिलाच्या लोकांनी आत येऊ नये’. आणि सगळ्यात खाली खडूने, ‘आत थंड आहे’.

मालक गुलाबराव दारातच होते. त्यांचा मूळ धंदा फुलांचा आणि भाजीपाल्याचा, गावाबाहेर मळा आहे. पण भयमहालात असताना ते त्या उन्हातही काळा कोट घालतात आणि हातात वेताची छडी ठेवतात. मी इतिहास शिकवते हे कुसुमने नको तेव्हा सांगितलं. ते अजिबात दबले नाहीत.

पहिल्या खोलीत मातीचा, माणसाएवढा सुलतान होता. लाल डोळे, काळी दाढी, उंच सिंहासन. समोर एक जल्लाद परशू उगारून उभा, खाली एक जण मान पुढे करून बसलेला, बाजूला भली मोठी कढई आणि तिच्यात दोघे जण उकळत असलेले.

“हा कोणता सुलतान?” मी विचारलं.

“त्या टायमाले जो होता तो.”

“म्हणजे कोणत्या शतकातला?”

गुलाबरावांनी छडी खाली बसलेल्या माणसाच्या मानेवर टेकवली. “बाई, याचं मुंडकं उडून राह्यलं, यानं शतक इचारलं नाई. तुमी काहून इचारता?”

मग माझं लक्ष सिंहासनामागच्या रेड्याकडे गेलं. चांगला थोराड, काळाकभिन्न, गळ्यात घंटा असलेला रेडा.

“हा कशाला?”

“सुलतानाचा आहे.”

“सुलतान रेड्यावर बसत असत?”

“उन्हाळ्यात,” गुलाबराव म्हणाले.

दुसऱ्या खोलीत पेंढारी होते, तिसऱ्यात एक गोरा साहेब झाडाला माणसं टांगत होता. तिन्ही खोल्यांत जल्लाद एकच. पागोटं बदललेलं, दंडावरचा तीळ तोच. मी ते दाखवून दिल्यावर गुलाबराव म्हणाले की आधी तिन्ही खोल्या सुलतानाच्याच होत्या. पण हवेलीच्या मूळ मालकांपैकी एक वयस्क मियांसाहेब, ज्यांच्याकडून तळघर भाड्याने घेतलं आहे, ते एकदा पाहायला आले आणि म्हणाले, “भाई, सारा जुल्म हमारेच खाते में? औरों को भी थोडा दो.” गुलाबरावांना ते रास्त वाटलं. तेव्हापासून अचलपूरचा जुलूम सगळ्यांना सारखा वाटून दिलेला आहे. आमच्या क्रमिक पुस्तकाच्या मंडळावर या मियांसाहेबांना घ्यायला हवं.

भीतीचं म्हणाल तर मला ती कोणाच्या तोंडावर दिसली नाही. कढईच्या आडोशाला एक गृहस्थ धोतराचा सोगा तोंडावर घेऊन घोरत होते. पेंढाऱ्यांच्या पायाशी एक कुटुंब शिदोरी सोडून बसलं होतं आणि त्यातली आई मुलाला म्हणत होती, “खा लवकर, नाई त तो पाह्य तलवारवाला.” मुलगा तलवारवाल्याला भाकरीचा तुकडा दाखवत होता. गुलाबराव अधूनमधून छडीने झोपलेल्यांना ढोसत होते. “तिकिटात एवढी झोप बसत नाई, उठा.”

जे लोक जागे होते ते वेगळ्याच उद्योगात होते. प्रत्येक मूर्तीच्या तोंडापाशी जाऊन ते निरखून पाहत आणि एकदम ओरडत, “अबे, हा त आपला पोस्टमन!” मान पुढे करून बसलेला तो गावचा पोस्टमन होता. सुलतान म्हणजे बाजारातला एक कापसाचा अडत्या. तो आधी कढईत होता, पण मळ्यात आंब्यांच्या पाट्या पाठवून पाठवून त्याने स्वतःची सिंहासनावर बदली करून घेतली, असं मला सांगितलं गेलं. पोस्टमनला मात्र लोक रस्त्यात अजून विचारतात, “डोस्कं कवा उडते तुमचं?”

पन्हं पिता पिता गुलाबरावांनी मला या सगळ्याचा इतिहास सांगितला, आणि तो त्यांच्या सुलतानापेक्षा पुष्कळच खरा होता.

मूळची ही यमपुरी. गुलाबरावांनी कुठल्याशा जत्रेत तंबूतला नरक पाहिला होता. यमधर्म, चित्रगुप्त, पाप्यांना तळणं वगैरे. आपल्याकडे पक्क्या बांधकामाचा नरक असावा असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांचा बालमित्र संपत गवंडी होता. दोघे एकाच खेड्यातले, लहानपणी एकत्र गुरं राखलेले. श्रीमंतांच्या घरांच्या कमानींवर सिमेंटचे पोपट आणि सिंह बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. खोड एकच, न पाहिलेलं तोंड त्याला करता येत नसे. त्यामुळे परतवाड्यापर्यंत कित्येक दारांवर मालकाच्याच तोंडाचे सिंह बसले आहेत. त्याने गुलाबरावांना नरक करून दिला आणि अर्धी भागीदारी घेतली. नरक चांगला चालला. बायका यमापुढे हळद-कुंकू वाहत, पुरुष खाली मान घालून जात.

मग छप्पन साल आलं. संपत घरच्या सगळ्यांना घेऊन नागपूरला गेला, दीक्षा घेतली आणि परत येऊन तळघराच्या दारात उभा राहिला. “आता मी यम मानत नाई. नरक मानत नाई. याले रंगाचा हात माह्या बोटानं लागणार नाई.”

“मी म्हटलं, दुकान चालून राह्यलं अन् तुले आता नरक दिसत नाई?” गुलाबराव म्हणाले. “दोन महिने बोललो नाई एकमेकाशी. मंग तोच म्हणे, नरक नाई पण राजे त होते? त्याईनं का कमी तळलं लोकाईले?”

अशा रीतीने नरकाचा इतिहास झाला. यमाची शिंगं काढून दाढी लावली, तो सुलतान झाला. चित्रगुप्त मुनशी झाला. कढई होती तशीच राहिली. रेडा काढायचं फार मनात होतं, पण त्याचे पाय जमिनीत सिमेंटने पक्के केलेले होते. पाटीवर ‘ऐतिहासिक’ असा शब्द चढला. बायका अजून त्या सुलतानापुढे कुंकू वाहतात. पूर्वी यम होता, उगाच नाराज कशाला करायचा, असा त्यांचा हिशेब.

निघताना मला तिसऱ्या खोलीच्या टोकाला तरटाचा पडदा दिसला. आतून काहीतरी खरवडल्याचा आवाज येत होता. तिथे काय आहे म्हणून विचारलं, तर गुलाबरावांची इतका वेळ फिरणारी छडी पहिल्यांदाच थांबली. “काम सुरू आहे,” ते म्हणाले आणि आम्हाला जिन्याकडे वळवलं.

दुसरा दिवस

आम्ही पुन्हा गेलो. कुसुम म्हणाली थंडाव्यासाठी, मी म्हटलं इतिहासासाठी. दोघीही तरटाच्या पडद्यासाठी गेलो होतो.

संपत दारातच भेटला. उंच, काटक, कोपरापर्यंत माती, आणि बोलण्यात तिळमात्र संकोच नाही. “काल शतक तुमीच इचारलं न? बरं केलं. मी याले कवाचं सांगून राह्यलो, साल टाक म्हणून.” मग मला मूर्ती नीट दाखवल्या, प्रत्येकीखाली कोरलेलं ‘कलाकार संपत’ दाखवलं, आणि या जिल्ह्यात असं काम करणारा दुसरा नाही हे एकदा नव्हे, तीनदा सांगितलं. त्याचं कौतुक करायला आपल्याला फट सापडत नाही. ते काम तो स्वतःच करतो.

“चाला, चौथी खोली दाखवतो,” तो म्हणाला.

“संप्या,” गुलाबराव मागून म्हणाले.

“पाहू दे. बाई इतिहासाच्या आहेत.”

पडद्याआड विहीर होती. खरी नव्हे, दगड रचून केलेला काठ आणि त्यावर चौथरा. चौथऱ्यावर एक तरुण बाई उभी, हातात भरलेली घागर, कमरेत थोडी पुढे वाकून ती खाली पाणी ओतते आहे. खाली, चौथऱ्यापासून जरा लांब, दुसरी बाई. दोन्ही हातांनी स्वतःची घागर पुढे केलेली, मान वर. बस. रक्त नाही, परशू नाही, जल्लाद नाही. वरच्या मूर्तीची माती अजून ओली होती आणि तिच्यावर भिजलेलं पोतं टाकायचं काम चालू होतं.

“यात भयानक काय आहे?” मी विचारून गेले.

संपत चिडला नाही. “आमच्या गावच्या हिरीवर आमाले चढू देत नव्हते. माय अशी घागर घेऊन उभी राहे. कोणी पाणी टाकाले आलं त पाणी, नाई आलं त दुपारी तशीच घरी. मी तिच्या लुगड्याले धरून उभा. मले लहानपणी भुताचं भेव वाटत नव्हतं, सुलतानाचं त मालूमच नव्हतं. आज हिरीवर कोणी येते का नाई, याचंच भेव वाटे.”

मी खालच्या बाईच्या तोंडाकडे पाहत राहिले. तिथे दुःखबिःख काही दाखवलेलं नव्हतं. पाणी घागरीत नीट पडतंय ना, एवढंच ती पाहत होती.

“माय मागच्या साली गेली,” संपत म्हणाला. “फोटो नाई तिचा. हाच.”

कुसुमने विचारलं, “मग नुसती आईची मूर्ती घरी का नाही ठेवत?”

“घरी कुठं ठेवू बाई? माह्या डोळ्यात ती इथंच उभी आहे.”

एवढ्यात गुलाबराव आत आले. काळा कोट काढलेला होता. अडचण काय आहे ते त्यांच्या तोंडून तिथेच कळलं. वरची बाई म्हणजे त्यांची आई. गिरजाबाई. अजून हयात, रोज सकाळी भाजीबाजारात फुलं घेऊन बसणारी.

“पोस्टमनचं केलं, अडत्याचं केलं, लोक हासले,” गुलाबराव म्हणाले. “याच्यात कोण हासन? उद्या बाजारात लोक माह्या मायच्या तोंडावर बोलतीन. म्हातारी बाई आहे. मी याले म्हणतो, तोंड बदल. दुसरं कोणतंबी लाव.”

“मले न पाह्यलेलं तोंड करता येत नाई.”

“मंग गावातल्या दुसऱ्या बाईचं कर.”

“दुसरी कोणती करू?” संपत म्हणाला. “दुसरी कोणी येतच नव्हती. गिरजामायच येत होती.”

गुलाबराव मग म्हणाले ते माझ्याकडे पाहून, पण मित्राला. “परवा पौर्णिमा. यानं याच्या विहारातल्या साऱ्या लोकाईले बोलावून ठेवलं, चौथी खोली पाहाले या म्हणून. माह्या मायच्या तोंडावरचा पडदा उघडला, त हा याच्या रस्त्यानं अन् मी माह्या.”

“मी मायले घेऊन जातो,” संपत म्हणाला. “बाकीचे मुडदे तू ठेव.”

पण मूर्ती उचलून न्यायची तर ती मोडणार, हे त्या खोलीत सगळ्यांना दिसत होतं. तिचेही पाय जमिनीत सिमेंटने पक्के केलेले होते. भयमहाल नावाच्या त्या विनोदी तळघरात मला पहिल्यांदाच काळजी वाटली, आणि ती सुलतानाची नव्हती.

परत येताना टांग्यात मी कुसुमला म्हटलं, “आपल्याकडे बाई इतकं नव्हतं.”

कुसुम पदराने वारा घेत होती. “आपल्याकडे नळ लवकर आले, ताई,” ती म्हणाली.

तिसरा दिवस

पौर्णिमेला तिथे काय झालं ते मी पाहिलेलं नाही. त्या सकाळी आम्ही अमरावतीच्या मोटारीत होतो, आणि दुपारी बडनेऱ्याच्या फलाटावर मी परतीच्या गाडीची वाट पाहत होते. मला सांगता येईल ते आदल्या दिवशीचं.

सकाळी उन्हं चढायच्या आत आम्ही भाजीबाजारात गेलो. वांगी, कैऱ्या, कांद्याच्या राशी, आणि एका कोपऱ्यात ओल्या फडक्याखाली मोगरा. मोगऱ्यामागे बसलेल्या बाईंना मी नाव विचारायच्या आधीच ओळखलं. नाक, हनुवटी, कपाळ, सगळं कालच मातीत पाहिलेलं होतं, फक्त चाळीस-एक वर्षं जुनं झालेलं. आपण न भेटलेल्या माणसाला आधीच पाहिलेलं असणं फार चमत्कारिक वाटतं. मी गजऱ्याचा भाव करायचाही विसरले, आणि गिरजाबाईंनी त्याचा पूर्ण फायदा घेतला.

अचलपुरात गुपित ठेवायला तळघरही पुरत नाही. शेजारी कांदे घेत उभा असलेला एक जण सहज म्हणाला, “गिरजामाय, संपतनं तुमची मूर्ती केली म्हणे भयमहालात. दर्शन कवापासून?”

“कोणाची मूर्ती?”

“तुमची. हिरीवरची.”

गिरजाबाईंचे हात फुलांत थांबले. त्यांनी फडकं मोगऱ्यावर नीट पसरलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि समोर जी बाई होती तिला, म्हणजे कुसुमला, म्हणाल्या, “माय, जरा टोपलं पाह्यजो. चार आण्याच्या खाली देजो नको.” आणि चालू लागल्या. कापसाच्या व्यापाऱ्याची बायको भर बाजारात गजरे विकायला बसली आणि मी गिरजाबाईंच्या मागे धावले. त्या वयाच्या बाईला गाठायला मला धाप लागली.

भयमहालाच्या दारात त्यांनी चपला काढल्या. जिना उतरताना भिंतीला हात लावून एकेक पायरी उतरल्या. खाली नेहमीची मंडळी उन्हाला भिऊन आधीच येऊन पडली होती. गिरजाबाई त्यांना ओलांडत गेल्या. सुलतानासमोर एक बाई कुंकू वाहत होती, तिने यांनाही खूण केली. “याले मेल्यावर पाहू,” गिरजाबाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

गुलाबराव तरटाच्या पडद्यापुढे उभे होते. आईला पाहून त्यांनी काळ्या कोटाची बटणं लावली, का कोण जाणे.

“माय, आत काही नाई.”

“काही नाई त मंग अडवतं कायले?”

ते बाजूला झाले.

संपत आत बसून पोतं भिजवत होता. तो उठून उभा राहिला. एरवी स्वतःची तारीफ थांबवता न येणारा तो माणूस, त्याला हात कुठे ठेवावेत हे कळेना. गिरजाबाईंनी आधी वरच्या मूर्तीकडे पाहिलंच नाही. त्या खालच्या बाईजवळ गेल्या.

“सखू व्हय न ही?”

“हो.”

“घागर अशीच होती तिची. काठाले चेपलेली.” त्यांनी मातीच्या घागरीवरून बोट फिरवलं. मग मान वर केली आणि स्वतःकडे पाहिलं.

मला भीती वाटली. लिहिताना लाजायचं कारण नाही. तिन्ही खोल्यांत जी वाटली नव्हती ती खरीखुरी भीती. या बाईने ‘मोड’ म्हटलं असतं तर संपतने मोडली असती, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं, आणि गुलाबरावांना ते झालेलं हवं होतं. बाहेर कोणीतरी घोरत होतं. गिरजाबाई पाहतच होत्या.

“नाक बराबर केलं,” त्या म्हणाल्या. “नथ तवा माह्यापाशी नव्हती, पण राहू दे.”

त्यांनी मूर्तीच्या कमरेकडे बोट दाखवलं.

“पण म्या अशी वाकत नव्हती.”

“गिरजामाय,” संपत म्हणाला, “तूच त येत होती. दुसरं कोणी येत नव्हतं. म्हणून मी...”

“येत होती. पण वाकत नव्हती. इटाळ होईन म्हणून उभ्यानं टाकत होती, वरून. अर्धं पाणी हिच्या डोस्क्यावर सांडे. हिवाळ्यात बी. ही काही म्हणे नाई.” त्या थांबल्या. “पाठ सरळ कर माही.”

“माय,” गुलाबराव म्हणाले, “लोक काय म्हणतीन?”

“लोकाईनं तवा का पाह्यलं नाई? सारं गाव पाहे.” आणि संपतकडे वळून, “माती ओली आहे न अजून? कर.”

संपतने पोतं बाजूला टाकलं, चौथऱ्यावर चढला आणि मूर्तीच्या कमरेला दोन्ही हात घातले. आतली सळी वाकवायला जोर लागत होता. माती फुटली, कडबा दिसू लागला. जे वाकणं त्याने इतक्या मायेने केलं होतं, ते तो आता दात आवळून काढत होता. त्या कोपऱ्यात उजेड कमी होता. गुलाबराव बाहेर गेले. मला वाटलं, गेले ते गेलेच. पण ते सुलतानाच्या डोक्यावरची गॅसबत्ती काढून घेऊन आले, आणि तिचा उजेड आईच्या मातीच्या पाठीवर पडेल अशी ती धरून उभे राहिले.

पाठ सरळ झाली. संपतने मूर्तीचा घागरीचा हात खांद्यातून वर उचलला आणि तसाच धरून ठेवला.

“एवढा?”

गिरजाबाई खालच्या मूर्तीजवळ गेल्या, तिच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या आणि तिथून वर पाहिलं.

“अजून वर,” त्या म्हणाल्या.